भाडेकरू दोन कासवे आणि एक इग्वाना सोडून गेला आहे. सांभाळावीत की वन विभागाकडे द्यावीत?

प्रश्न: मंगळवारपेठकर, ४ जुलै

नमस्कार. आमच्या माडीवरच्या खोलीत दोन वर्षे राहिलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी परीक्षा संपवून जूनअखेरीस गावी गेला. आठवडाभरात मित्र येऊन नेईल असे सांगून त्याने काचेच्या पेटीतली दोन कासवे आणि जाळीच्या पिंजऱ्यातला एक इग्वाना मागे ठेवला. मित्र काही आला नाही. काल फोन लागला तेव्हा त्याने, "काका, तुम्हीच ठेवा, नाहीतर रंकाळा तलावात सोडून द्या," असे उत्तर दिले.

कासवांच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे. फूटपट्टीने मोजले तेव्हा मोठ्याचे कवच १७ सेंटीमीटर आणि धाकट्याचे १२ सेंटीमीटर भरले. पेटी जेमतेम दोन फूट लांब असून तिच्यात वीतभर पाणी राहते आणि ते दुसऱ्याच दिवशी उग्र वास मारू लागते. खाद्य म्हणून सुकवलेल्या कोळंबीची एक डबी मागे ठेवलेली आहे; दोन वर्षे तेच दिले असे तो सांगतो. धाकट्याच्या पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटले आहेत आणि चार दिवसांपासून त्याने काहीही खाल्लेले नाही.

इग्वाना शेपटीसह साधारण तीन फूट आहे. त्याला कोबी, पालक आणि अधूनमधून उकडलेले अंडे दिले जात असे. तो वारंवार शिंकतो आणि त्याच्या नाकपुड्यांभोवती मिठासारखी पांढरी पूड जमते. मागच्या पायांची बोटे स्वस्थ बसलेला असतानाही थरथरतात. ती भीतीने थरथरत असावीत असे मला वाटते, पण खात्री नाही. समोरच्या घरातील गृहस्थांनी ती घोरपड असल्याचे ठरवून टाकले असून, पोलिसांना कळवतो असे दोनदा ऐकवले आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे. घरात ७८ वर्षांची आई आणि तीन वर्षांची नात आहे. हे प्राणी मी विकत घेतलेले नाहीत आणि मला त्यांची हौसही नाही, परंतु जिवंत जीव कचऱ्यासारखा टाकून देणे मनाला पटत नाही. ते घरी ठेवणे कायद्याला धरून होईल काय, आणि ठेवायचे झाल्यास आजपासून नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी सांगावे. जिथून ही कासवे घेतली होती त्या दुकानदाराने, ही दोन्ही परत द्या आणि त्याबदल्यात 'स्टार' कासव घेऊन जा, ते पाण्याविना राहते आणि घरात लक्ष्मी आणते, असेही सुचवले आहे.

उत्तर: पन्हाळावाट, ४ जुलै

काका, शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे सल्ले निरुपयोगी ठरतील. ते 'स्टार' कासव घेऊ नका. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले ते कासव भारतीय वन्यजीव आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतील प्राण्यांच्या गुन्ह्यांना किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. 'जुने आहे', 'कोणीतरी भेट दिले' या सबबी तिथे चालत नाहीत. ज्या दुकानात ते मिळते त्या दुकानाची माहिती वन विभागाला देणे हेच योग्य.

आता तुमच्याकडील प्राण्यांविषयी. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याच्या आसपासचे असून आपल्याकडे रुपयाच्या नाण्याएवढे असताना 'फेंगशुईचे कासव' म्हणून विकले जाते. ते परदेशी असल्यामुळे आपल्या पहिल्या दोन अनुसूचींत नाही. मात्र ओळख पक्की करून घ्या. कवचाच्या मध्यावर कौलारू छपरासारखा उंच कणा असेल, किंवा कवच चामड्यासारखे मऊ असून मागचे पाय खालच्या झडपांनी झाकले जात असतील, तर ती भारतीय कासवे ठरतात आणि ती घरात ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील प्राणी असून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात नवी चौथी अनुसूची आणली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार तो ज्याच्या ताब्यात आहे त्याने 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर ३० दिवसांच्या आत त्याची नोंदणीसाठी माहिती देणे बंधनकारक आहे. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी त्याची नोंद व्हावी लागते. त्या मुलाने नोंदणी केली नसण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे तुम्ही गप्प राहिलात तर उद्या उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

म्हणून मी असे करेन. त्या विद्यार्थ्याकडून, प्राणी कोठून व केव्हा घेतले आणि आता आपला त्यांच्यावर हक्क नाही, एवढे साध्या कागदावर सहीनिशी लिहून घ्यावे. तोवर मोबाइलवरचा संदेश जपून ठेवावा. नंतर प्राण्यांची छायाचित्रे आणि एक अर्ज घेऊन उपवनसंरक्षक कार्यालयात जावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये. तोंडी सांगितलेल्याला आपल्याकडे काय किंमत असते हे शिक्षकाला मी सांगायला नको. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

समोरच्या गृहस्थांना पिंजऱ्याजवळ उभे करून दाखवा: इग्वानाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काट्यांची रांग असते, गळ्याखाली कातडीची झालर लोंबते आणि जबड्याच्या कोपऱ्यापाशी एक मोठे गोल खवले असते. घोरपडीला यातले काहीच नसते. तिची लांब, दुभंगलेली जीभ सापासारखी सतत आतबाहेर होत असते.

उत्तर: फुलेवाडी_६, ५ जुलै

एवढ्या कागदपत्रांच्या फंदात पडण्यापेक्षा कासवे रंकाळ्यात सोडावीत असे माझे प्रामाणिक मत आहे. पाण्याचा जीव पाण्यात जाईल. अनेक जण सोडतात आणि ती तिथे धष्टपुष्ट होऊन काठावर ऊन खाताना दिसतातही.

उत्तर: शाहूपुरीची माई, ५ जुलै

वरचे मत वाचून राहवले नाही. ती धष्टपुष्ट होतात हीच तर अडचण आहे. स्लायडर काहीही खातो, मासळीची पिल्ले आणि अंडीही सोडत नाही, उन्हाला बसण्याच्या जागेवरून दुसऱ्या कासवांना ढकलून देतो आणि बंदिस्त पाण्यात जडलेले आजार सोबत घेऊन जातो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. रंकाळ्याचे पाणी पावसाळ्यात वाहत वाहत पंचगंगेला मिळते आणि पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला. या कृष्णाखोऱ्यात आपली स्वतःची मऊ पाठीची कासवे आहेत आणि त्यांतील लीथचे कासव तर नामशेष होण्याच्या काठावर आहे. पुण्य मिळवायला म्हणून सोडलेला जीव आपल्याच कासवांच्या मुळावर येतो.

माझ्याकडे २०१४ पासून एक मादी स्लायडर आहे, तीही कोणीतरी नको झाली म्हणून दिलेली. तिच्याआधी आणखी एक होते आणि ते माझ्या चुकीने गेले, ते सांगते. एप्रिल महिना होता. ऊन मिळावे म्हणून काचेची पेटी गच्चीवर नेऊन ठेवली आणि खाली कोणी आले म्हणून चहा टाकायला उतरले. अर्ध्या तासाने वर आले तेव्हा पाण्यात हात घालवत नव्हता. पेटीच्या सावलीच्या बाजूला काचेवर शेवाळाचा थर होता आणि त्यात नखांचे चार-चार ओरखडे एकावर एक उमटले होते. कासवाला घाम येत नाही, धाप टाकून गार होणेही त्याला नीटसे जमत नाही. ऊन नको झाले की सावलीत सरकणे एवढाच त्याच्यापाशी उपाय असतो आणि तोच मी काढून घेतला होता. तेव्हा उन्हात ठेवताना काचेची पेटी किंवा लोखंडी घमेले कधीही वापरू नका. रुंद प्लॅस्टिकचे टोपले घ्या, त्याचा निम्मा भाग फळीने झाका आणि ते बाहेर असेपर्यंत तिथेच बसा.

ऊन हवे ते मात्र थेटच हवे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात प्रकाश आणि ऊब येते, पण हाडांना लागणारे जीवनसत्त्व 'ड' शरीरात तयार करणारे अतिनील किरण काच अडवून धरते. अंबाबाईच्या किरणोत्सवात सूर्याची किरणे कासव चौकातून आत जातात ती मध्ये काही आडवे येत नाही म्हणूनच. घरातल्या कासवाचेही तसेच समजा. सध्या आपल्याकडे तीन-तीन आठवडे ऊन दिसत नाही, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी नळी, म्हणजे हेच अतिनील किरण देणारा दिवा, घ्यावीच लागेल. साधी एलईडी तिचे काम करत नाही. ती नळी उजेड देत राहिली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण ओसरतात, म्हणून तिच्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवावी.

पाणी हा खरा खर्च आहे. कवचाच्या प्रत्येक इंचामागे ४० लिटर असा हौशी लोकांचा ढोबळ हिशेब आहे. तुमच्या दोघांसाठी तो ४५० लिटरच्या पुढे जातो. मी गच्चीवरची जुनी सिंटेक्सची टाकी आडवी कापून घेतली आणि तिच्यात पूर्ण कोरडे होऊन बसता येईल अशी फळी बसवली. त्या फळीवर दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि पाण्यात २४ ते २८ अंश तापमान ठेवते. आपल्या डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरचे पाणी त्याच्या खाली सहज उतरते, तेव्हा तिला घरात घेते. फिल्टर घ्याल तो टाकीच्या दुप्पट पाण्यासाठी असलेला घ्या, आणि खायला वेगळ्या टबात द्या. अर्धी घाण तिथेच वाचते. कासवाला कोरड्या जागी गिळता येत नाही, म्हणून त्या टबातही पाणी हवे.

नुसती सुकी कोळंबी म्हणजे माणसाला रोज चिवड्यावर ठेवण्यासारखे आहे. डोळे सुजतात त्यामागे बहुधा जीवनसत्त्व 'अ' ची कमतरता आणि घाण पाणी, ही दोन कारणे असतात. मेडिकलमधून थेंब आणून स्वतः घालू नका. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर कासवाची कातडी सोलून निघते. डॉक्टरांकडून मोजूनच द्यावे. पुढे कासवांचे तयार दाणेदार खाद्य, गांडूळ, लहान मासा, आणि वय वाढेल तसा पाला जास्त, सोबत किसलेले गाजर आणि लाल भोपळा. जलपर्णी ती आवडीने खातात, पण पंचगंगेतली आणू नका, त्या पाण्यात काय काय असते ते आपण जाणतो.

घरात तीन वर्षांची नात आणि आई आहेत म्हणून हे नीट वाचा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही पोटाचे आजार देणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ पासून बंद आहे, कारण लहान मुले अशी कासवे तोंडात घालतात. टाकीचे पाणी स्वयंपाकघरात ओतू नये, घासणी वेगळी ठेवावी, हात साबणानेच धुवावेत, आणि नातीला लांबूनच दाखवावे. हे जमणार नसेल तर भीड न धरता नकार द्या. स्लायडर वीस-तीस वर्षे जगतो. मी ६१ वर्षांची आहे. माझ्यानंतर हिला कोण घेणार हे मी भाचीशी बोलून ठेवले आहे.

आणखी एक. २०१९ च्या पुरात आमच्या कुंभार गल्लीत पाणी शिरले तेव्हा तिला भरल्या बादलीतून नेऊ लागले होते. शेजारच्या मुलाने थांबवले. प्रवासात खोल पाणी नको. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओले फडके पुरते, तशी ती दीड दिवस एका शाळेच्या वर्गात राहिली.

मंगळवारपेठकर, ७ जुलै

सर्वांचे आभार. कासवे स्लायडरच आहेत. कवच कडक आहे आणि मध्ये उंच कणा नाही. काल वन कार्यालयात अर्ज देऊन पोहोच घेतली. तेथील अधिकाऱ्यांनी इग्वानाची छायाचित्रे ठेवून घेतली आणि नोंदणी होईपर्यंत तो कोणालाही देऊ नये असे सांगितले. विद्यार्थ्याचे पत्र टपालाने येत आहे. तूर्त कासवांना न्हाणीघरातील मोठ्या टबात हलवले आहे. मात्र इग्वानाची थरथर वाढली असून काल रात्री फांदीवरून उतरताना तो मागच्या पायांवर घसरला. सर्दीचे औषध द्यावे काय?

उत्तर: पशुवैद्यक_करवीर, ७ जुलै

सर, सर्दीचे औषध देऊ नका. शिंकणे आणि पांढरी पूड हा आजार नाही. इग्वानाच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. शरीरातील जादा मीठ तो शिंकून टाकतो आणि ते वाळले की पूड दिसते. नाकातून चिकट स्राव येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही श्वसनाच्या आजाराची लक्षणे, आणि तुमच्या वर्णनात ती नाहीत. काळजी करायला हवी ती बोटांच्या थरथरीची, आणि ती भीतीची नाही.

पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कोबीत कॅल्शियम पुरेसे नाही आणि तो रोज दिल्यास थायरॉइडवर परिणाम होतो. त्यात दोन वर्षे यूव्हीबी नाही आणि आता ऊनही नाही. अशा वेळी शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढू लागते. हाडे मऊ होतात, जबडा आणि मांड्या सुजल्यासारख्या दिसतात. आणि हाडांतून काढूनही पुरेना झाले की स्नायू थरथरू लागतात. त्यापुढची पायरी झटक्यांची आहे. खालचा जबडा दोन बोटांत अगदी हलका धरून पाहा. तो निरोगी प्राण्यात लाकडासारखा घट्ट लागतो आणि या आजारात रबरासारखा वाकतो. जोर लावू नका, मोडू शकतो.

उद्यापर्यंत थांबू नका. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कॅल्शियमचे इंजेक्शन देऊ शकतात, पण जाण्यापूर्वी फोन करून सरपटणारे प्राणी पाहतात का हे विचारा, कारण मात्रा वजनाच्या ग्रॅमवर ठरते आणि क्ष-किरण चित्र काढावे लागते. इथे सोय झाली नाही तर पुणे महामार्गावर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. धाकट्या कासवालाही सोबत न्या. त्याला जंतावर आयव्हरमेक्टिन कोणी देऊ लागले तर ठाम नकार द्या. गुरांना सर्रास दिले जाणारे ते औषध कासवांना विषासारखे आहे.

नेताना इग्वानाला उशीच्या अभ्र्यात घालून, तो अभ्रा हवा खेळेल अशा खोक्यात ठेवा. शेपटी कधीही धरू नका, ती तुटून हातात येते. घरी त्याच्या बसण्याच्या फांदीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका. दिवा जाळीबाहेर टांगा, म्हणजे त्याला चिकटून तो भाजणार नाही. उंच फांदी बरा होईपर्यंत काढून टाका.

अंडे कायमचे बंद. हा प्राणी पूर्ण शाकाहारी आहे आणि प्राणिज प्रथिनांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदाची पाने आणि फुले, लाल भोपळ्याचा कीस, आणि गवळ्याकडे मिळणारा लसूणघास, एवढे आलटून-पालटून दिले तर दुकानातले काही विकत आणावे लागत नाही. फक्त फवारणी झालेल्या शेतातला घास नको.

हा इग्वाना नर असेल तर दोन-तीन वर्षांत पाच फुटांचा होईल, विणीच्या काळात नारिंगी पडेल आणि अंगावर धावून येईल. त्याचा चावा टाके पडण्याइतका असतो. तीन वर्षांची नात असलेल्या घरात मी स्वतः तो ठेवला नसता. नोंदणी आपल्या नावावर करून, बरा झाल्यावर वन विभागाच्या परवानगीने तो खोलीएवढा पिंजरा असलेल्या अनुभवी माणसाकडे द्यावा, आणि कासवांपुरती जबाबदारी तुम्ही घ्यावी, असे मला वाटते.

मंगळवारपेठकर, १९ जुलै

उशिरा कळवत आहे, क्षमस्व. त्याच संध्याकाळी इग्वानाला दवाखान्यात नेले. जबडा मऊच होता. चित्रात मांडीच्या हाडाला जुना, कसातरी सांधलेला मोड दिसला. इंजेक्शनांनंतर थरथर तिसऱ्या दिवशी थांबली, पण तो अजून मागचा उजवा पाय ओढत चालतो. 'परिवेश'वर माहिती भरली आहे. त्याला नेण्यास पन्हाळावाट यांच्या ओळखीचे एक गृहस्थ तयार आहेत. त्यांचा पिंजरा पाहून आलो, वन विभागाच्या परवानगीची वाट पाहत आहोत. समोरचे गृहस्थ आता रोज सकाळी त्यांच्या परसातील जास्वंद आणून देतात, फक्त अजूनही त्याला घोरपडच म्हणतात.

धाकट्या कासवाचा एक डोळा पूर्ण उघडला आहे आणि काल त्याने पहिल्यांदा गांडूळ खाल्ले. माई, टाकी आडवी कापताना कड धारदार राहते, तिला तुम्ही काय लावले होते?

उत्तर: शाहूपुरीची माई, १९ जुलै

बागेतल्या पाण्याची जुनी नळी उभी चिरून कडेवर बसवली, आणि दर वीतभर अंतरावर तारेने आवळली. कासवे कडेला धरून वर चढतात, म्हणून ती कड पाण्यापासून हातभर तरी उंच ठेवा.